मागचं दार आणि दुसरं इंजिन

पर्लकोटेच्या पुलावरून पाणी वाहू लागलं की भामरागड जगापासून तुटतं. हेमलकशाचा दवाखाना नदीपलीकडे अगदी जवळ, पण तिथंही पोचता येत नाही. आतल्या पाड्यांतून अडलेली बाई खाटेची कावड करून खांद्यावर आणायची, नाला डोंग्यानं ओलांडायचा, हे गडचिरोलीला नवं नाही. नक्षलविरोधी मोहिमांसाठी आणलेल्या हेलिकॉप्टरनं इथं जखमी जवान नागपूरला नेले, तसंच पुरात अडकलेले रुग्णही उचलले. पोलीस, बचाव आणि दवाखाना ही तिन्ही कामं एकाच यंत्रावर आली. जगातही ते असंच घडत गेलं.

हेलिकॉप्टरनं जखमींना पहिल्यांदा युद्धात उचललं ते 1944 च्या एप्रिलमध्ये, ब्रह्मदेशाच्या जंगलात. सिकॉर्स्की आर-4 एका खेपेत एकच माणूस नेऊ शके. कोरियाच्या युद्धात बेल 47 च्या दोन्ही बाजूंना, बाहेर, स्ट्रेचर बांधत. रुग्ण लवकर पोचे, पण वाटेत त्याला हात लावायला कुणी नसे. शेजारी बसून उपचार करता आले नाहीत, तर ती नुसती वेगवान खाटच.

हे बदललं जर्मनीत. 1970 साली पश्चिम जर्मनीत रस्ते अपघातांत 19 हजारांवर माणसं गेली. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला म्युनिकच्या एका रुग्णालयातून ‘क्रिस्टोफ 1’ हे बचाव हेलिकॉप्टर कामाला लागलं. रुग्णाला डॉक्टरकडे नेण्याआधी डॉक्टरच रुग्णाकडे न्यायचा, ही त्यामागची कल्पना. यंत्र होतं बीओ 105. त्याचं पहिलं उड्डाण 1967 चं, वजन जेमतेम अडीच टन, आणि शेपटीखाली दोन पाकळ्यांचं मागचं दार. स्ट्रेचर त्यातून सरळ आत सरकवता येई. मला या साऱ्या इतिहासात हे दार सगळ्यांत मोलाचं वाटतं.

दुसरी गोष्ट इंजिनांची. एकच इंजिन असलं आणि ते बंद पडलं, तर पंखा हवेच्या जोरावर फिरता ठेवून खाली यावं लागतं. त्याला मोकळं मैदान हवं. दाट वस्तीत ते नसतं. तीन चतुर्थांश जंगल असलेल्या जिल्ह्यात तर नसतंच. दुसरं इंजिन वैमानिकाला उतरण्याजोग्या जागेपर्यंत पोचवतं.

पुढे 1979 मध्ये बीओ 105 च्याच कंपनीनं जपानच्या कावासाकीसोबत केलेलं मोठ्या केबिनचं बीके 117 उडालं. आजचं एच145 त्याच घराण्यातलं. 1994 च्या ईसी135 मध्ये शेपटीचा पंखा गोल कड्यात बंद केला. गर्दीत, झुडपांत उतरताना धोका कमी झाला.

बीओ 105 बनवणाऱ्या एमबीबी कंपनीशी हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं (एचएएल) 1984 मध्ये करार केला आणि त्यातून ध्रुव हे भारतीय हेलिकॉप्टर घडलं. 20 ऑगस्ट 1992 ला ते पहिल्यांदा उडालं. साडेपाच टनांचं, म्हणजे बरंच जड, पण दोन इंजिनं आहेत आणि मागचं दोन पाकळ्यांचं दारही.

महाराष्ट्रात 108 ची रुग्णवाहिका 2014 पासून धावते, तीही डॉक्टरसह. पण पूल पाण्याखाली गेला की तीसुद्धा नदीच्या अलीकडच्या काठावरच थांबते. क्रिस्टोफची नेमणूकच रुग्णांसाठी झाली होती. आमच्याकडे हेलिकॉप्टर पोलिसांचं, आणि मोहीम सुरू असली की भामरागडच्या बाळंतिणीनं वाट पाहायची.