एच. आर. ४० (गुलामगिरी भरपाई अभ्यास विधेयक)

अमेरिकेत गुलाम म्हणून राबवलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांना भरपाई द्यावी का, द्यायची तर कोणाला आणि कशी, याच्या अभ्यासासाठी आयोग नेमावा असे सांगणारे अमेरिकी काँग्रेसमधील, म्हणजे संसदेतील, विधेयक. एच. आर. म्हणजे हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्ज, काँग्रेसचे प्रतिनिधिगृह. मिशिगनचे प्रतिनिधी जॉन कॉनयर्स यांनी ते १९८९ मध्ये प्रथम मांडले. काँग्रेसच्या दोन वर्षांच्या मुदतीत संमत न झालेले विधेयक आपोआप बाद होते. त्यामुळे २०१७ मध्ये पायउतार होईपर्यंत कॉनयर्स दर काँग्रेसमध्ये ते नव्याने मांडत राहिले. त्यांच्यानंतर टेक्ससच्या शीला जॅक्सन ली यांनी ते हाती घेतले. त्या २०२४ मध्ये वारल्या आणि पुढच्या वर्षी आयाना प्रेस्ली यांनी ते पुन्हा मांडले.

विधेयकात कोणालाही एक डॉलर देण्याची तरतूद नाही. गुलामगिरी, तिला सरकारांनी दिलेला आधार आणि १८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यानंतरचा भेदभाव तपासून आयोगाने उपाय सुचवावेत, एवढेच. प्रश्न टाळायचा असेल तर समिती नेमावी, असे आपण म्हणतो. इथे तीस वर्षांहून अधिक काळ समितीच नेमू दिलेली नाही.

विधेयकाला पुढे दिलेला ४० हा क्रमांक यादवी युद्धातल्या एका वचनाची आठवण आहे. १२ जानेवारी १८६५ रोजी जॉर्जियातील सव्हाना येथे उत्तरेच्या फौजेचे जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून घेतले. त्यांच्या वतीने बोलले ६७ वर्षांचे गॅरिसन फ्रेझर. आठ वर्षांपूर्वी एक हजार डॉलर सोन्याचांदीत मोजून त्यांनी स्वतःला आणि बायकोला सोडवून घेतले होते. पोट कसे भराल, या प्रश्नाला त्यांचे उत्तर होते: जमीन द्या, आम्ही ती कसू. चारच दिवसांनी शर्मन यांनी किनारपट्टीवरची जमीन प्रत्येक कुटुंबाला चाळीस एकरांपर्यंत देण्याचा हुकूम काढला. सुमारे ४०,००० लोक तिथे वसले. पण लिंकन यांच्या हत्येनंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी जमिनी जुन्या मळेवाल्यांना परत करायला सुरुवात केली. गुलाम मुक्त केल्याबद्दल महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये आपला ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, तोवर हे वचन मोडून आठ वर्षे होत आली होती. भरपाई तशी दिलीच गेली नाही असेही नाही: १८६२ मध्ये वॉशिंग्टन शहरातली गुलामगिरी रद्द करताना सरकारने एका गुलामामागे तीनशे डॉलरपर्यंत रक्कम दिली, ती मालकांना.

आधी अभ्यास, मग भरपाई हा क्रम समर्थकांनी जपानी-अमेरिकनांच्या प्रकरणावरून घेतला. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या या लोकांसाठी १९८० मध्ये आयोग नेमला गेला. त्याने साक्षी घेतल्या, १९८३ मध्ये शिफारशी केल्या आणि १९८८ च्या कायद्याने हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर व सरकारची माफी मिळाली. विरोधक नेमका ‘हयात’ या शब्दावर बोट ठेवतात: गुलामही गेले, मालकही गेले, मग आजच्या करदात्याने का भरावे? समर्थकांच्या मते सरकार ही संस्था मात्र तीच आहे, आणि घरकर्जापासून शाळांपर्यंतचा नंतरचा भेदभाव सोसलेले लोक आजही जिवंत आहेत. हा मुद्दा भक्कम आहे. किंबहुना तो तपासण्यासाठीच आयोग हवा. एप्रिल २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीने २५ विरुद्ध १७ मतांनी विधेयक पुढे पाठवले, पण सभागृहात ते मतदानाला आले नाही.

असा अभ्यास प्रत्यक्षात कसा चालतो हे कॅलिफोर्नियात दिसले. तिथे २०२० च्या कायद्याने नऊ जणांचे कृतिदल नेमले गेले. सर्वांत मोठा वाद पात्रतेवरून झाला. कॅरिबियन बेटांतून किंवा आफ्रिकेतून अलीकडे आलेल्या कृष्णवर्णीयांनाही भेदभाव सोसावा लागतो. त्यांना धरायचे का? मार्च २०२२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ठरले की एकोणिसाव्या शतकाअखेर देशात असलेल्या गुलाम वा मुक्त कृष्णवर्णीयांचे वंशजच पात्र. वंश सिद्ध करणेही सोपे नाही. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या जनगणना-तक्त्यांत मालकाच्या नावाखाली गुलामाचे वय, लिंग आणि रंग एवढेच आहे, नावाचा रकाना जवळजवळ सगळीकडे नाही. पूर्वीच्या बहुतेक गुलामांची नावे १८७० च्या जनगणनेत पहिल्यांदा येतात. २०२३ मध्ये हजारांहून अधिक पानांचा अंतिम अहवाल आला आणि पुढच्या वर्षी राज्याने कायद्याने जाहीर माफी मागितली. सरसकट रोख रक्कम देणारा कायदा मात्र त्यासोबत झाला नाही.