बसच्या कपाळावरचा ‘ध’

संध्याकाळी स्वारगेटला बसची वाट बघणारी माणसं डोळे बारीक करून तिच्या कपाळाकडे बघत असतात. ‘घनकवडी’ नावाची जागा नाही हे पुणेकराला ठाऊक असतं, म्हणून तो ‘धनकवडी’ बिनचूक वाचतो. पाहुण्याला ही सोय नाही. बसच्या पाट्यांवरून फॉन्ट करायला घेतला, तेव्हा मी नेमका या ‘ध’पाशी अडलो.

निरोगी डोळ्याला सुटा ओळखू येणारा तपशील साधारण एका कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा. ६० मीटरवर त्याचे पावणेदोन सेंटिमीटर होतात. डोळे तपासायच्या तक्त्यावरचा इंग्रजी ‘ई’ अशा पाच पट्ट्यांचा असतो. तेवढ्या अंतरावर त्याला जेमतेम ९ सेंटिमीटर उंची पुरते. आपल्या ‘घ’ आणि ‘ध’मधला फरक मात्र डाव्या वरच्या कोपऱ्यात एकवटलेला: एकाची शिरोरेषा सलग, दुसऱ्याची तुटकी. पुस्तकात ही फट केसाएवढी असली तरी भागतं. पाटीवर ती पावणेदोन सेंटिमीटर हवी, म्हणजे ‘ध’चं डोकं चांगलंच उघडं ठेवावं लागतं. त्यात रात्री दिव्यांचा उजेड डोळ्यात पसरतो आणि फट बुजते. मग ‘भोसरी’चीही ‘मोसरी’ होते.

दिव्यांच्या पाटीवर उंचीचीही मारामार. इंग्रजी कॅपिटल अक्षर ५ गुणिले ७ ठिपक्यांत सुखाने मावतं. ‘मुंढवा’ घ्या: ‘मुं’ला वर अनुस्वार, खाली उकार. पाटीत दिव्यांच्या १६ ओळी धरल्या, वरखाली तीन-तीन सोडल्या, एक शिरोरेषेला दिली, की ‘म’च्या अंगाला उरतात नऊ. ‘बुद्रुक’बद्दल तर बोलायलाच नको, तिथे ‘बु.’ लिहिणाराच शहाणा.

लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी एडवर्ड जॉन्स्टननं केलेली अक्षरं १९१६ मध्ये आली. त्यातल्या छोट्या ‘आय’चा ठिपका चौकोनी, टोकावर उभा. जॉन्स्टन मुळात सुलेखनकार. रुंद टाक तिरका टेकवला की ठिपका असाच उमटतो. बोरूनं दिलेला आपला अनुस्वारही तसाच. मी तो ठेवलाय, कारण शिरोरेषेपासून तो टोकानं सुटतो आणि दोन्हींच्या मध्ये उजेडाला जागा राहते.

परवा कागद सोसायटीच्या फाटकाला डकवला आणि ६० मीटर मोजून मागे गेलो. ‘धनकवडी’ वाचता आलं. ‘मुंढवा’चा उकार अजून ‘म’ला चिकटतोय.