दारातला मांडव : शेतातल्या लग्नांची पार्श्वभूमी

एप्रिल 2021 मध्ये राज्यात लग्नाला 25 माणसं आणि दोन तास, एवढीच मुभा उरली. कार्यालयांची आगाऊ रक्कम अडकली, छापलेल्या पत्रिका तशाच पडून राहिल्या. मग कितीतरी घरांनी मळ्यातल्या आंब्याखाली, वस्तीवरच्या अंगणात नाहीतर कुलदैवताच्या ओवरीत लग्नं उरकली. ‘उरकली’ हाच शब्द तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता. निर्बंध उठले, पण ती लग्नं पाहिलेल्यांना काहीतरी गवसल्यासारखं झालं. आता शेतातलं लग्न हौसेनं, ठरवून केलं जातं. बैलगाडीतून नवरी येते, झेंडूच्या माळा असतात, जेवायला पळसाच्या पत्रावळी असतात. हे सगळं दिसायला सुंदर आहेच. पण गावाकडच्या जुन्या लग्नातला जिव्हाळा मुख्यतः कामात होता, कुठलं काम कोणाच्या हातून होई त्यात होता, आणि तो भाग फोटोत येत नाही.

लग्नांचा हंगाम शेतीनंच ठरवला होता. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त निघायला लागत. सुगी झाली की धान्य घरात आलेलं असे, हात मोकळे असत आणि उघड्यावर मांडव घालायला पावसाची धास्ती नसे. चातुर्मासात लग्न नाही, हा नियम मातीच्या वाटा आणि पेरणीची घाई पाहिली की लगेच समजतो. मुहूर्तमेढ रोवली की भावकीतले पुरुष मांडवाला लागत. वर आंब्या-जांभळाचे डहाळे टाकले की खाली भर उन्हातही गारवा वाटे.

मांडवात सगळ्यात आधी देवक, म्हणजे कुळाची पवित्र खूण, बसे. हे मला या साऱ्या सोहळ्यातलं सर्वांत आपलं वाटणारं अंग वाटतं. आंबा, उंबर, जांभूळ, शमी, रुई असा पंचपालवी पाला पुष्कळ घरांत असतो, पण काही कुळांचं देवक अगदी वेगळं : कदमांचं कळंब, मोऱ्यांचं मोरपीस. आपल्या कुळाचं झाड आपल्या दारात आणून, त्याला साक्षी ठेवून लग्न लावायचं. वधूवरांची आद्याक्षरं कोरलेल्या आजच्या फलकात ही खोली येणं कठीण आहे.

बायकांचं काम त्याहून आधी सुरू होई. हळद जात्यावर दळायची, मुसळाला आंब्याची पानं बांधून घाणा भरायचा आणि त्याबरोबर ओव्या. ओवीत नवरीचं नाव येई, मामाचं येई, माहेरच्या गावाचं येई. ज्या घरची ओवी त्या घरचीच. दुसऱ्या मांडवात तिची नावं बदलत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, म्हणून त्यांतलं एवढं तरी आपल्या हाती उरलं. नाहीतर पिठाची गिरणी आली तशी ती ओवी जात्याबरोबरच माळ्यावर गेली असती.

गावाचा वाटाही मोठा. सुताराकडून पाट-चौरंग येई, कुंभाराकडून बोहल्याची मडकी, परीट पायघड्या अंथरी, न्हावी घरोघर निरोप पोचवी, गुरव पत्रावळी देई. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 च्या ‘गावगाडा’त अशा बलुत्याच्या, म्हणजे गावकामाच्या बदल्यात धान्य देण्याच्या, व्यवहाराचं बारकाईनं वर्णन आहे. पण हे लिहिताना पंगतीची आठवण बाजूला ठेवता येत नाही. पंगती जातीप्रमाणे बसत. मांडवापुढे ज्यांची वाजंत्री वाजे त्यांना मांडवात जागा नसे, आणि त्यांच्या स्वतःच्या घरच्या नवरदेवाला गावातून मिरवायला मज्जाव होई. म्हणून जुनं लग्न जसंच्या तसं परत आणावं, असं मला मुळीच वाटत नाही.

ते आपल्याच माणसांनी बदललंही. 24 सप्टेंबर 1873 रोजी जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षीच्या 25 डिसेंबरला पुरोहिताशिवाय, अगदी थोड्या खर्चात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. फुल्यांच्या मंगलाष्टकांत वर आणि वधू एकमेकांशी बोलतात, तेही मराठीत. आम्हां स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभवच नाही, तो हक्क देण्याची शपथ घे, असं वधू सर्वांसमक्ष म्हणते. नवरा-नवरीनं आपापली वचनं आपल्या शब्दांत बोलावीत, ही आजकाल बाहेरून आलेली वाटणारी कल्पना आपल्याकडे दीडशे वर्षं जुनी आहे. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलगा यशवंत याचं लग्नही 1889 मध्ये याच पद्धतीनं लावलं. ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध घरांत मुहूर्त आणि मानपान बाजूला सारून बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर, पांढऱ्या वेशात लग्नं होऊ लागली. साधेपणाला सन्मान मिळवून दिला तो या लग्नांनी.

मग मांडव दारातून हलला कसा? 1 जून 1948 ला पुणे–अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. पुढे वऱ्हाडासाठी अख्खी एसटी ठरवता येऊ लागली. सकाळी आलेलं वऱ्हाड संध्याकाळी परत जाऊ लागलं आणि चार-पाच दिवसांचं लग्न एका दिवसात बसलं. बलुतं रोख पैशापुढे टिकलं नाही, भावकीतली तरणी माणसं शहरांत गेली, मांडव बांधायला हात कमी पडले. तालुक्याच्या गावी मंगल कार्यालयं उभी राहिली आणि आचारी, केटरर, बँडवाले एका फोनवर मिळायला लागले. दमलेल्या घरांना त्याचा आधारच वाटला असणार.

या सगळ्या उलथापालथीत दोन गोष्टी कार्यालयातही टिकल्या. एक, पत्रिकेच्या तळाशी चिमुकल्यांचं ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!’ आणि दुसरी, घरच्याच कोणीतरी रचलेली मंगलाष्टका. चाल शार्दूलविक्रीडित वृत्ताची, पण चरणाचरणांत आजी-आजोबा, काका, मावशी, धाकटी बहीण यांची नावं गुंफलेली. म्हणणारी बहुधा मावशी किंवा आत्याच असते, वृत्त थोडं अडखळतं आणि वारलेल्या आजोबांचं नाव आलं की आवाज कापतो. अक्षता हातात धरलेली माणसं तेवढ्यापुरती गप्प होतात. शेतातल्या लग्नात माईक नसला तर ती ऐकायला मंडळी जवळ सरकतात. तो कागद नंतर घडी घालून नवरीच्या शालूबरोबर ठेवला जातो.