तांबं सोडून ठिणगी हवेतून गेली

गच्चीवरच्या तडितरक्षकाची पट्टी अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत पोहोचली, टेस्टरवर ओहमचा आकडा कमी आला, की इलेक्ट्रिशियन काम झालं म्हणतो. आकडा खरा असतो, पण वीज कोसळते त्या क्षणी त्याला फारसं कुणी विचारत नाही. हे लक्षात आलं ते १८८८ साली.

तोवर सगळा हिशोब रोधाचा, म्हणजे ओहममध्ये मोजल्या जाणाऱ्या अडथळ्याचा: तांबं जाड, जमीन ओली, बास. विल्यम स्नो हॅरिसने मात्र जहाजांच्या डोलकाठ्यांवर तांब्याच्या रुंद पट्ट्याच बसवल्या. डार्विनला घेऊन गेलेल्या बीगलवरही त्या होत्या. पृष्ठभाग मोठा हवा, हा त्याचा आग्रह.

मार्च १८८८ मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉजने लेडन जारच्या (वीज साठवणाऱ्या काचेच्या बरणीच्या) ठिणगीपुढे दोन वाटा ठेवल्या. एक जाड तांब्याची लांब तार, रोध नगण्य. दुसरी हवेतली छोटी फट. ठिणगीने फट निवडली! तांब्याऐवजी बारीक लोखंडी तार लावली, तरी ती काही वाईट ठरली नाही.

दोष इंडक्टन्सचा, म्हणजे प्रवाह बदलू लागला की त्याला आडवं येण्याच्या तारेच्या गुणाचा. सरळ पट्टीचा तो मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री. आता १० मीटर पट्टीतून ३० हजार अँपिअर जाऊ द्या. २५ × ३ मिलिमीटर तांब्याच्या निव्वळ रोधावर जेमतेम ७० व्होल्ट पडतील. पण तोच प्रवाह मायक्रोसेकंदाला १० हजार अँपिअरने चढत असेल, तर टोकांमध्ये १ लाख व्होल्ट उभे राहतात. शिवाय इतका वेगवान प्रवाह धातूच्या सालीतूनच वाहतो: तांब्यात ५० हर्ट्झला ही साल ९ मिलिमीटरची, १ मेगाहर्ट्झला ०.०७. म्हणून तेवढ्याच तांब्याची गोल सळई करण्यापेक्षा पट्टी बरी. हॅरिसचा आग्रह असा उशिरा खरा ठरला.

ब्रिटिश टपाल खात्याचा इंजिनिअर विल्यम प्रीसला हे पटलं नाही. सप्टेंबरमध्ये बाथला, ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या सभेत, दोघांची जाहीर खडाजंगी झाली. लॉजचंही सगळं बरोबर नव्हतं. वीज लेडन जारसारखी मागे-पुढे झुलते असं तो धरून चालला. प्रत्यक्षात ती बहुधा एकाच दिशेचा लोंढा असते. पण लोंढा काही मायक्रोसेकंदांत चढतो, आणि त्या चढणीत रेडिओच्या फ्रिक्वेन्सी भरलेल्या असतात.

गच्चीच्या कठड्याला वळसा घालून उतरवलेल्या पट्टीत लॉजचा प्रयोग आजही मांडलेला दिसतो: एकीकडे मीटरभर तांबं, दुसरीकडे वीतभर हवा.