जुन्या जीपला इंदुरात दोन इंच कमी

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या लष्करी जीपची तब्येत पाहायची तर व्हॅक्यूम गेजसारखं स्वस्त आणि बोलकं हत्यार दुसरं नाही. इनटेक मॅनिफोल्डवरचा, म्हणजे सिलिंडरांकडे पेट्रोल-हवेचं मिश्रण नेणाऱ्या नळांवरचा, छोटा प्लग काढून तिथे गेजची नळी जोडायची, इंजिन गरम होऊ द्यायचं आणि स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, काटा कुठे थांबतो ते बघायचं. पुस्तकं सांगतात की निरोगी इंजिनावर काटा १७ ते २१ इंचांच्या दरम्यान स्थिर राहतो. हे इंच पाऱ्याच्या स्तंभाचे. इंदुरात मात्र नीट बांधलेल्या इंजिनावरही काटा कधी १६वरच अडकतो. मालकाच्या मनात पाल चुकचुकते, पिस्टनच्या रिंगा गेल्या की काय! शेजारी उभा असलेला कोणीतरी हेड उघडायचा सल्ला देऊन मोकळा होतो.

हेड उघडायची घाई नको. पुस्तकातला आकडा समुद्रसपाटीचा असतो आणि इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर माळव्याच्या पठारावर बसलंय. समुद्रकाठी हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरइतका, तर इथे तो ७१०च्या आसपास, म्हणजे जवळजवळ दोन इंचांनी कमी. हजार फुटांमागे एक इंच वजा करायचा हा मिस्त्र्यांचा जुना हिशोब इथे बरोबर लागू पडतो. इंदूरचे १६ म्हणजे मुंबईचे जवळपास १८.

कारण असं की व्हॅक्यूम स्वतः काहीच ओढत नाही. नारळपाण्याच्या नळीत आपण फक्त दाब कमी करतो, पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. इंजिनातही पिस्टन खाली जाताना आतला दाब उतरतो, कार्ब्युरेटरची झडप जवळजवळ बंद असल्यामुळे तो भरून निघत नाही, आणि आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक आपण गेजवर वाचतो. ढकलणारी बाहेरची हवाच विरळ असेल तर फरकही कमीच दिसणार. म्हणून काटा किती आहे यापेक्षा तो कसा हलतो ते आधी पाहावं. कमी आकड्यावर स्थिर असेल तर उंची, नाहीतर मागे पडलेलं टायमिंग, म्हणजे ठिणगी उशिरा पडणं. ठरावीक अंतराने एकदा खाली टपकत असेल तर एखादा व्हॉल्व्ह जळलेला. स्लोवर भराभर थरथरत असेल तर व्हॉल्व्हच्या गाइड झिजलेल्या.

या फुकटच्या दाबाचा लष्करी गाड्यांनी पुरेपूर उपयोग करून घेतला. दुसऱ्या महायुद्धातल्या जीएमसीच्या अडीच टनी ट्रकवर ब्रेकला व्हॅक्यूमची मदत होती. पंचवीस सेंटिमीटर व्यासाचा पडदा धरा. १८ इंचांवर त्याच्यावर तीनशे किलोंच्या आसपास जोर येतो, १६ इंचांवर तो २७०च्या घरात उतरतो. घाटात हा फरक पायाला जाणवतो.

वायपरची गोष्ट याहून मजेची. युद्धातल्या विलीज एमबी जीपचे वायपर बहुतेक हातानेच फिरवायचे असत. युद्धानंतरच्या विलीज जीपांमध्ये ते व्हॅक्यूमवर आले. पावसाळ्यात मंडलेश्वराकडून महूला येताना जामघाट चढायला लागलं की याचा खरा अर्थ कळतो. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, म्हणजे कार्ब्युरेटरची झडप उघडी, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जवळजवळ शून्य. पाऊस मुसळधार आणि वायपर काचेच्या मधोमध उभा! पाय क्षणभर उचलला की तो एक फेरी मारतो. वर पोहोचून, अहिल्याबाई होळकरांनी बांधवलेला जाम दरवाजा मागे टाकून महूकडे निघालं आणि पाय सैल झाला, की हाच वायपर गरज नसताना सपासप चालतो. इतकी उलट्या डोक्याची यंत्रणा मोटारींवर दशकानुदशकं टिकली, ती स्वस्त होती म्हणून.

त्यावरचा उतारा म्हणजे दोन डायफ्रामचा, म्हणजे दोन पडद्यांचा पंप. इथे जरा थांबू, कारण गंमत याच पंपात आहे. आपले मिस्त्री ज्याला एसी पंप म्हणतात तो साधा यांत्रिक पेट्रोल पंप (थंड हवेशी त्याचा संबंध नाही, एसी हे बनवणाऱ्या कंपनीचं नाव). कॅमशाफ्टवरचा एक उंचवटा फिरताना पंपाचा दांडा हलवतो, दांडा रबर चढवलेल्या कापडाचा डायफ्राम खाली खेचतो, आणि टाकीतलं पेट्रोल एका झडपेतून आत येतं. परतीचा प्रवास दांडा करवत नाही, तो स्प्रिंग करवते, आणि दुसऱ्या झडपेतून पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जातं. कार्ब्युरेटरची वाटी भरली की त्यात तरंगणाऱ्या फ्लोटची सुई रस्ता बंद करते. मग स्प्रिंगला डायफ्राम वर ढकलता येत नाही, तो खालीच राहतो आणि दांडा नुसता रिकामा हलत राहतो. म्हणजे पंपाचा दाब कॅम ठरवत नाही, स्प्रिंग ठरवते. तोही किती, तर चौरस इंचाला दोन-चार पौंड. ना वायर, ना सेन्सर, तरी लागेल तेवढंच पेट्रोल. याला मी अभियांत्रिकीतलं शहाणपण म्हणेन.

दोन डायफ्रामच्या पंपात त्याच दांड्याला हवा खेचणारा आणखी एक डायफ्राम जोडलेला असतो. मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडला की तो वायपरपुरती सोय करतो. पण हा दुसरा डायफ्राम फाटला की भलतंच होतं. क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पेटीतली, तेलाची वाफ फाटक्यातून, वायपरच्याच नळीने थेट मॅनिफोल्डमध्ये पोहोचते आणि सायलेन्सरमधून निळा धूर निघू लागतो. निळा धूर म्हणजे रिंगा, हे समीकरण इतकं पक्कं बसलंय की केवळ या फाटक्या पडद्यापायी चांगली इंजिनं खोलली जातात. तपासणी सोपी आहे: ती नळी काढायची, मॅनिफोल्डचं तोंड बुचाने बंद करायचं आणि थोडं चालवून पाहायचं. पेट्रोलचा डायफ्राम फाटला तर मात्र धोका जास्त. पेट्रोल झिरपून तेलात उतरतं, डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते आणि वास येतो. अशा पातळ तेलावर इंजिन पळवलं तर बेअरिंगं जातात.

मे महिन्यात आणखी एक दुखणं. जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, पंप इंजिनाच्या अंगाला, तोही गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्याच बाजूला. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत पेट्रोल बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाबाखाली असतं, आणि दाब उतरला की द्रव लवकर उकळतो. आपल्याकडच्या पेट्रोलच्या वाफेचा दाब ३८ अंशांना साधारण ६० किलोपास्कल. समुद्रकाठी हवेचा दाब १०१, इंदुरात ९५. चाळीसच्या पुढच्या उन्हात, ट्रॅफिकमध्ये उभं राहून पंपापाशी पेट्रोल पंचावन्न-साठ अंशांवर गेलं की ते नळीतच उकळायला लागतं. पंप मग पेट्रोलऐवजी वाफ दाबत बसतो, आणि वाफ स्प्रिंगसारखी दबून पुन्हा फुलते. गाडी बंद. पंपावर ओलं फडकं टाकायची जुनी रीत शास्त्राला धरूनच आहे, पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. टाकीजवळ छोटा इलेक्ट्रिक पंप बसवला तर नळीतलं पेट्रोल खेचलं न जाता ढकललं जातं, त्यामुळे ते सहजी उकळत नाही. फक्त त्याचा दाब जास्त नको, नाहीतर फ्लोटची सुई हार मानते आणि कार्ब्युरेटर ओसंडतो.

वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने यात भर घातली आहे. जुनं रबर इथेनॉलने फुगतं आणि मऊ पडतं. टाकीत पेट्रोल किती ते दाखवणाऱ्या काट्याच्या कॉर्कच्या फ्लोटवर पूर्वी लाखेचा लेप असे, आणि लाख अल्कोहोलात विरघळते. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, पण कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं छिद्र, म्हणजे जेट, तोच राहिल्याने मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात हवा जास्त होते. डायफ्राम घेताना तो इथेनॉलला चालणारा आहे का हे विचारूनच घ्यावा. दुकानातला जुन्या साठ्यातला ‘ओरिजिनल’ तुकडा इथे कामाचा नाही.

आता जीपमधल्या व्हॅक्यूमची सगळ्यात दूर गेलेली करामत. पूर्वीच्या मोटारींत क्रँककेसमधला धूर खाली उघड्या नळीतून रस्त्यावर सोडत. नदी ओलांडणाऱ्या लष्करी गाडीला ते चालेना, त्या नळीतून पाणी आत शिरणार. म्हणून एमबी जीपमध्ये तो धूर एका छोट्या झडपेतून मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमकडून ओढवून इंजिनातच जाळला. फायदा दुहेरी झाला, तेलही कमी काळवंडू लागलं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत प्रदूषणाच्या काळजीतून हीच कल्पना नागरी मोटारींवर आली, आणि आज इंदूरच्या पलासियाच्या सिग्नलवर उभ्या असलेल्या जवळपास प्रत्येक पेट्रोल मोटारीत तिचा एखादा वंशज आहे. जुन्या जीपमध्ये मात्र ही झडप काजळीने उघडी अडकते, स्लोवर नको तितकी हवा आत जाते आणि काटा १३-१४वर येतो. चालू इंजिनात तिची नळी चिमट्याने दाबून बघा. काटा लगेच १६वर चढला, तर झडप काढून रॉकेलमध्ये धुतली की काम झालं.