सक्तीचे एनर्जी ऑडिट: परळीला लागू, जालन्याला नाही, असे का?

मोठ्या उद्योगांनी ठरावीक मुदतीत ऊर्जेचे लेखापरीक्षण करून घ्यावे, हा आपल्याकडे कायदा आहे. 'मोठे' कोणाला म्हणायचे हे मात्र कामगारांच्या संख्येवर किंवा उलाढालीवर ठरत नाही. वर्षाला किती ऊर्जा जळते यावर ठरते, आणि ती मोजतात टन तेलाच्या समतुल्य मापात. असा एक टन म्हणजे 1 कोटी किलोकॅलरी. विजेत सांगायचे तर सुमारे 11,630 युनिट, साध्या देशी कोळशात सांगायचे तर अडीच टनांच्या आसपास.

2007 च्या मार्चमध्ये केंद्राने ऑडिट सक्तीचे असलेल्या उद्योगांची पहिली यादी काढली. तिच्यात औष्णिक वीज, सिमेंट, खत आणि पोलाद यांच्यासाठी रेषा होती वर्षाला 30,000 टन. कापड गिरण्यांसाठी ती फक्त 3,000 टन होती. परळी वैजनाथच्या औष्णिक वीज केंद्राचा 250 मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालला, तर साधारण तीन आठवड्यांत 30,000 टनांची रेषा ओलांडतो. आता जालन्याच्या एमआयडीसीकडे बघा. तिथे भंगार आणि स्पंज आयर्न (खनिजापासून केलेले सच्छिद्र कच्चे लोखंड) वितळवणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्ट्यांना टनामागे सहाशेच्या आसपास युनिट लागतात. नुसत्या विजेच्या हिशेबाने रेषेपर्यंत पोचायला एका कारखान्याला वर्षात पावणेसहा लाख टनांहून जास्त पोलाद वितळवावे लागेल. पुढे पोलादाची रेषा 20,000 वर आली, तरी आकडा चार लाख टनांच्या जवळच राहतो. मराठवाड्यातला सर्वांत वीजखाऊ उद्योग एकगठ्ठा पाहिला तर प्रचंड आहे, पण कायदा एकेक कारखाना सुटा मोजतो. म्हणून त्यातल्या बहुतेक भट्ट्या सक्तीबाहेर राहिल्या. माझ्या मते मराठवाड्यातल्या ऊर्जाबचतीची खरी अडचण इथे आहे.

या सगळ्याचे मूळ 1973 च्या तेलसंकटात आहे. त्यानंतर देशात इंधनबचतीचा विचार सुरू झाला आणि 1978 मध्ये पीसीआरए (पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन) ही संस्था उभी राहिली. तिची माणसे कारखान्यांत जाऊन बॉयलर आणि भट्ट्या तपासत, सल्ला देत. सक्ती कुठेच नव्हती. त्या काळात मराठवाड्याचे भांडण वेगळेच होते, आधी वीज मिळवण्याचे. परळीचा पहिला संच 1971 चा, तोही अवघा 30 मेगावॉटचा. वाळूजची औद्योगिक वसाहत नावारूपाला आली ती 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यानंतर. जिथे तारच पोचायची होती तिथे बचतीचे बोलणे लोकांना परकेच वाटणार.

ऊर्जा संवर्धन कायदा 2001 मध्ये झाला. 1 मार्च 2002 पासून तो लागू झाला आणि त्याच दिवशी ऊर्जा दक्षता ब्यूरो, म्हणजे बीईई, अस्तित्वात आले. महाराष्ट्रात अंमलबजावणीची जबाबदारी पुण्याच्या महाऊर्जाकडे, म्हणजे राज्याच्या ऊर्जा विकास अभिकरणाकडे आली. ऊर्जा व्यवस्थापक आणि लेखापरीक्षक यांच्यासाठी 2004 पासून राष्ट्रीय परीक्षा सुरू झाल्या आणि या कामाला पेशाचे रूप आले. इकडे गावोगाव भारनियमनाचे दिवस होते. विजेची बचत म्हणजे वरून लादलेला अंधार, ही समजूत तेव्हा जी बसली ती अजून पुरती गेलेली नाही.

2010 च्या नियमांनी मुदत बांधून दिली: यादीत नाव आल्यापासून 18 महिन्यांत पहिले ऑडिट, मग दर तीन वर्षांनी एक. पण नुसत्या ऑडिटने काही हलत नाही. अहवाल येतो, त्यात गळक्या कॉम्प्रेसर लाइनपासून जुन्या मोटारींपर्यंत सगळे लिहिलेले असते, आणि तो कपाटात जातो. चित्र पालटले ते 2012 मध्ये आलेल्या 'पॅट' (परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड) योजनेमुळे. पहिल्या फेरीत आठ क्षेत्रांतल्या 478 उद्योगांना उत्पादनाच्या एककामागे किती ऊर्जा कमी करायची याचे लक्ष्य मिळाले. लक्ष्याहून जास्त बचत केली तर बचत प्रमाणपत्रे मिळतात, कमी पडले तर ती विकत घ्यावी लागतात. बाजारात त्यांचे व्यवहार 2017 मध्ये सुरू झाले. पहिल्या फेरीत तेलाच्या मापाने 66.86 लाख टनांचे लक्ष्य होते, बचत झाली 86.7 लाख टनांची.

मोठ्या उद्योगांना सल्लागाराच्या मदतीची खरी गरज पडते ती ही बचत सिद्ध करताना. पहिल्या फेरीत 2007-08 पासूनच्या तीन वर्षांची सरासरी हा तुलनेचा पाया आणि 2014-15 मध्ये मोजणी. मधल्या काळात परिस्थिती सारखी राहत नाही. परळीचेच बघा: 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी संच बंद ठेवावे लागले. कमी भाराने चालणारा, वारंवार थांबणारा संच युनिटमागे जास्त कोळसा खातो, यात कामगारांचा काही दोष नसतो. कोळशाची प्रत घसरली तरी तेच होते. असे बाहेरचे फरक वजा करून तुलना करण्याची तरतूद योजनेत आहे. पण ती त्यालाच मिळते ज्याच्याकडे पुरावा असतो: कोळशाचे रोजचे उष्मांक, भाराची तासागणिक नोंद, मीटर कधी तपासला त्याचे दाखले, संच कधी आणि का थांबला ती वही. चांगला सल्लागार आधी हे मीटर आणि या वह्या लावून देतो, बचतीच्या सूचना त्यानंतर. बचत प्रत्यक्षात झाली आणि नोंदीअभावी हातची गेली, याहून वाईट काय असेल?

युरोपीय संघाने उलटी सुरुवात केली होती, कामगार आणि उलाढाल पाहून. 2012 च्या निर्देशानुसार लघू-मध्यम गटाबाहेरच्या प्रत्येक कंपनीला चार वर्षांतून एकदा ऑडिट सक्तीचे झाले. पहिली मुदत होती 5 डिसेंबर 2015. त्यामुळे माणसे भरपूर पण वीज किरकोळ, अशी कार्यालयेही सापडली आणि थोड्या माणसांत अफाट ऊर्जा जाळणारे कारखाने सुटले. 2023 च्या नव्या निर्देशात त्यांनीही ऊर्जेचेच माप धरले, मात्र रेषा ओढली 10 टेराज्यूलवर, म्हणजे वर्षाला सुमारे 28 लाख युनिट. आपली 30,000 टनांची रेषा तिच्या सव्वाशे पट उंच आहे. रोज 50 टन पोलाद वितळवणारी भट्टी युरोपची रेषा तीन-साडेतीन महिन्यांत गाठेल.

जालन्यात बचतीला जागा नाही असे मुळीच नाही. ओतलेले बिलेट (पोलादाचे लांब ठोकळे) थंड होऊ न देता लालबुंद असतानाच सळया लाटणाऱ्या रोलिंग मिलमध्ये नेले तर ते पुन्हा तापवण्याचे इंधन वाचते. काही कारखान्यांनी हे केले ते बिलाच्या धाकाने, कायद्याच्या नव्हे. मराठवाडा-विदर्भातल्या उद्योगांना 2016 पासून वीजदरात सवलत मिळाली. मागास भागासाठी ती रास्तच होती, पण सवलतीसोबत ऑडिटची अट घातली असती तर आज जिल्ह्याकडे भट्टीगणिक आकडेवारी असती. 2020 पासून उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएच पद्धतीने, म्हणजे कामी न आलेली वीजही धरून, बिल येऊ लागले आणि पॉवर फॅक्टरकडे (घेतलेल्या विजेपैकी कामी येणाऱ्या विजेच्या प्रमाणाकडे) दुर्लक्ष करणे महागात पडू लागले.

सक्तीच्या ऑडिटची आणखी एक पायरी महावितरणच्या दारात आहे. ऑक्टोबर 2021 च्या नियमांनी वीज वितरण कंपन्यांना दर तिमाहीला ऊर्जेचा हिशेब आणि वर्षातून एकदा बाहेरच्या मान्यताप्राप्त लेखापरीक्षकाकडून ऑडिट बंधनकारक केले. मराठवाड्यात हे सोपे नाही. अनेक कृषिपंपांना मीटरच नाहीत, अश्वशक्तीवर बिल निघते. मग फीडरवर गेलेल्या युनिटांपैकी पंपाने किती ओढले, तारेत किती गेले आणि चोरून टाकलेल्या आकड्यांवर किती गेले, हे अंदाजाने भरावे लागते. गळती आणि चोरीचे किती युनिट शेतीच्या नावावर खपवले गेले हा शेतकरी संघटनांचा जुना प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर डीपीवर (पंपांना वीज देणाऱ्या रोहित्रावर) मीटर बसल्याखेरीज कोणताही लेखापरीक्षक देऊ शकणार नाही.