हँडिकॅप की टर्म्स? पाठीवरचं वजन काय सांगतं

१९३१ च्या ऑक्टोबरात फार लॅप या घोड्याने मेलबर्नमध्ये कॉक्स प्लेट ही शर्यत जिंकली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याच शहरात मेलबर्न कप झाला, आणि तिथे तो आठवा आला. आठवा! कारणं शोधणाऱ्यांनी बरीच शोधली, पण पहिलं कारण वजनाच्या यादीतच लिहिलेलं होतं: १० स्टोन १० पाउंड (एक स्टोन म्हणजे १४ पाउंड), म्हणजे जवळपास ६८ किलो. जिंकलेल्या व्हाइट नोजच्या पाठीवर याहून कितीतरी कमी वजन होतं. अंतरही लांबचं होतं, हे खरं. पण मुख्य फरक असा की कॉक्स प्लेट ही टर्म्सची शर्यत, म्हणजे वजन ठरीव नियमाने; आणि मेलबर्न कप हँडिकॅप, म्हणजे घोडा जितका चांगला तितकं वजन जास्त. घोड्याची कारकीर्द वाचताना या दोन्हींत जिंकणं-हरणं आपण एकाच खात्यात मांडतो, आणि तिथेच सगळा घोळ होतो.

टर्म्सच्या शर्यतीत वजनाचे नियम आधीच ठरलेले असतात आणि ते घोड्याच्या ताकदीवर ठरत नाहीत. वय बघतात, नर की मादी ते बघतात, बस्स. इंग्लंडच्या एप्सम डर्बीत सगळे तीन वर्षांचेच, त्यामुळे नरांना सारखं वजन आणि माद्यांना ३ पाउंडांची सवलत. पॅरिसच्या आर्क द ट्रायम्फमध्ये मोठ्या वयाचे नर ५९.५ किलो घेऊन धावतात, तीन वर्षांचे ५६.५, आणि माद्यांना आणखी दीड किलो कमी.

हा तीन किलोंचा फरक बघून पुष्कळ जण म्हणतात, ‘हे हँडिकॅपच झालं की!’ तसं नाही. तीन वर्षांच्या घोड्याची वाढ अजून पुरी झालेली नसते, तेवढीच ही भरपाई. अ‍ॅडमिरल राऊस या इंग्लिश गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वयानुसार वजनाचं कोष्टक बसवलं, त्याचाच हा वंशज. हंगाम पुढे सरकेल तशी सवलत घटते, अंतर वाढेल तशी वाढते. महत्त्वाचं हे, की त्या वयाच्या सगळ्यांना ती सारखी मिळते. मग तो घोडा अजिंक्य असो की अजून खातंही न उघडलेला. (काही टर्म्स शर्यतींत आधीच्या मोठ्या विजयांबद्दल जादा वजन लादतात, म्हणजे घोळात आणखी घोळ. पण तेही ठरीव असतं, कुणा एकाला बघून दिलेलं नसतं.)

हँडिकॅपमध्ये मात्र प्रत्येक घोड्याला बघून वजन दिलं जातं. हँडिकॅपर नावाचा अधिकारी त्याच्या आधीच्या धावा तपासून रेटिंग ठरवतो. ब्रिटनमध्ये रेटिंगचा एक गुण म्हणजे एक पाउंड. ७० चा घोडा ६२ च्या घोड्यापेक्षा ८ पाउंड जास्त वाहणार. जॉकी आणि खोगीर मिळून वजन कमी भरलं तर खोगिराखालच्या कापडाच्या कप्प्यांत शिशाच्या पट्ट्या सारतात. शर्यत संपल्यावर जॉकी खोगिरासकट पुन्हा काट्यावर चढतो, आणि तिथे वजन कमी भरलं तर जिंकलेली शर्यतही हातची जाते. सगळे एकाच वेळी विजयरेषेवर पोचावेत, ही हँडिकॅपरची आदर्श शर्यत. तसं कधी होत नाही, पण त्याचं काम त्याच दिशेने चाललेलं असतं.

हे शिसं किती नडतं? ढोबळ हिशेब असा: पाच फर्लांगांच्या (सुमारे एक किलोमीटरच्या) धावेत ३ पाउंड म्हणजे एक लेंग्थ, म्हणजे एका घोड्याच्या लांबीइतकं अंतर; मैलाला २ पाउंड, आणि खूप लांबच्या शर्यतीत एकच पाउंड पुरतो. आता इंग्लंडमधली १९७३ ची ग्रँड नॅशनल ही शर्यत आठवा. अंतर चार मैलांहून जास्त, वर अडथळे. क्रिस्प या घोड्याच्या पाठीवर १२ स्टोन आणि रेड रम या घोड्यावर त्याहून २३ पाउंड कमी. क्रिस्प भली मोठी आघाडी घेऊन शेवटच्या टप्प्यात आला, तिथे त्याचे पाय जड झाले, आणि रेड रमने त्याला पाऊण लेंग्थने गाठलं. निकालात क्रिस्प दुसरा. माझ्या लेखी त्या दिवशीचा मोठा घोडा तोच. आर्कल या घोड्याची तर गोष्टच न्यारी: आयर्लंडमध्ये वजनाच्या दोन याद्या कराव्या लागल्या, एक तो धावणार असेल तर आणि एक नसेल तर.

कारकिर्दीवर याचा परिणाम खोल होतो. सामान्य घोडा काही धावा करतो, त्याला रेटिंग मिळतं आणि पुढचं सगळं आयुष्य हँडिकॅपमध्ये जातं. जिंकला की रेटिंग चढतं, पुढच्या वेळी वजन वाढतं. हरत राहिला की उतरतं, आणि कधीतरी पुन्हा जिंकण्याजोगं वजन मिळतं. त्यामुळे चाळीस धावांत पाच विजय हे वाटतं तितकं वाईट नाही. याच व्यवस्थेमुळे घोडा मुद्दाम मागे ठेवून रेटिंग पाडल्याचे संशयही जन्माला येतात, आणि स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीवर देखरेख करणारे अधिकारी, चौकशीला बोलावतात.

फ्रँकेल नावाचा घोडा या फेऱ्यात कधी पडलाच नाही. १४ धावा, १४ विजय, एकही हँडिकॅप नाही. असे घोडे टर्म्सच्या मोठ्या शर्यतींतच राहतात, कारण तिथे पैदाशीसाठी घोडे निवडले जातात. सवलतीच्या वजनावर कोण जिंकतो यात पैदास करणाऱ्याला फारसा रस नसतो. म्हणून तर एप्सम डर्बीत खच्ची केलेल्या घोड्यांना प्रवेश नाही, आणि आर्कमध्येही पुष्कळ वर्षं नव्हता. फार लॅप खच्चीच होता, ५१ पैकी ३७ धावा जिंकूनही तो तिथे धावू शकला नसता.

‘ग्रुप १’ हा सर्वोच्च दर्जाच्या शर्यतींचा शिक्का बघून मात्र फसू नका. ब्रिटनच्या सपाट शर्यतींत ग्रुप १ म्हणजे हँडिकॅप नाहीच, पण ऑस्ट्रेलियात मेलबर्न कप, डॉनकास्टर माइल या हँडिकॅप शर्यतीही ग्रुप १ आहेत. विन्क्स या घोडीने २०१५ ते २०१८ सलग चार वेळा कॉक्स प्लेट जिंकली, आणि मधे २०१६ ला डॉनकास्टरही. शंका आली तर निकालपत्रातला वजनाचा रकाना बघा. आकडे वयाप्रमाणे नि नर-मादीप्रमाणे दोन-चार गटांत बसत असतील तर टर्म्स. वरून खाली जिन्यासारखे उतरत गेले असतील तर हँडिकॅप.